मुलीचं लग्न, आषाढीची वारी आणि सिरोसिस

प्रश्न : डॉक्टर मॅडम, स.न.वि.वि. माझं वय ५४. मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान आहे. गळ्यात माळ आहे, आजोबांपासून घरात वारी आहे. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. शुगर मात्र बारा वर्षांपासून आहे. वजन ८६ किलो, उंची पाच फूट सहा इंच. चैत्रात सोनोग्राफी केली तेव्हा लिव्हर खडबडीत आणि प्लीहा वाढलेली दिसली. पुढे फायब्रोस्कॅन झाला, तो २४ आला. प्लेटलेट ९२ हजार. दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या दिसल्या, पण लहान आहेत म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं, सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय. रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

तेव्हापासून झोप गेली. मोबाइलवर वाचलं की सिरोसिसचा माणूस दोन वर्षं जगतो. रात्री तीनला जाग येते, मग दुकानाची उधारी, बँकेचं कर्ज, सगळं डोळ्यांपुढे येतं. गावात कुजबुज आहे, ‘माळ घालून चोरून पीत असणार’. मेहुणे म्हणतात, अमिताभ बच्चनचं पंचवीस टक्केच लिव्हर आहे, तो ऐंशीच्या पुढं काम करतोय, तुम्ही कशाला घाबरता! माझं किती टक्के उरलंय?

बायको सगळं अळणी करते. प्रोटीन लिव्हरला जड पडतं म्हणून डाळ, दही बंद केलंय. दोन्ही एकादश्या कडक असतात, आता गुरुवारही धरलाय. चुलतभाऊ रोज सकाळी गुळवेलाचा काढा आणून देतो. डॉक्टरांच्या गोळ्यांत एक बीपीची होती, मला बीपी नाही म्हणून ती घेणं सोडलं. शेजारच्या मास्तरांनी झोपेची गोळी दिली होती, अर्धी अर्धी करून घेतली.

यंदा आळंदीहून पायी वारी करावी का? मुलगी २४ वर्षांची आहे, बी.फार्म. झालीय, एक स्थळ चांगलं आलंय. मार्गशीर्षात उरकून टाकावं म्हणतो. पाहुण्यांना आजार सांगावा का? ती एकदा म्हणाली, ‘बाबा, लागलं तर मी लिव्हर देईन.’ त्यामुळं लग्न लवकर झालेलं बरं. नाव छापू नये.
— एक वारकरी

उत्तर : माउली, एवढं मोठं पत्र लिहिलंत आणि खरी भीती अगदी शेवटी, जाता जाता सांगितलीत. मुलगी सासरी गेली की तिच्याकडून लिव्हर घ्यायची वेळ आपल्यावर येणार नाही, असा मार्गशीर्षाचा हिशेब दिसतोय. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आज तुम्हाला लिव्हर बदलण्याची गरज नाही. धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही, तुमच्या झेरॉक्स समोर ठेवून म्हणते आहे. बिलिरुबिन १.३, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.२, क्रिएटिनिन ०.९. पोटात पाणी नाही, डोक्यावर परिणाम नाही. यावरून आजार किती पुढं गेलाय याचे आम्ही दोन हिशेब मांडतो, दोन्हींत गुण जितके कमी तितकं बरं. चाइल्ड-प्यू या मोजणीत कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १५ गुण असतात. तुमचे ५ भरतात, म्हणजे ए, बी, सी या तीन गटांतला ए, सर्वांत बरा. दुसरी मोजणी मेल्ड, ती ६ पासून ४० पर्यंत जाते. तुमचा मेल्ड ९ च्या जवळपास येतो. तो १५ च्या आसपास पोचला, किंवा पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, भ्रम झाला, की प्रत्यारोपणाचं बोलणं निघतं. मेल्ड ९ असताना ऑपरेशनचा धोका आजाराच्या धोक्यापेक्षा मोठा असतो, म्हणून कुणी शहाणा सर्जन तुम्हाला हात लावणार नाही.

आणि समजा पुढे कधी तो विषय आलाच, तर मुलगी हा एकच रस्ता नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळच्या नात्यात नवरा-बायको, आईवडील, भावंडं, मुलं, आजीआजोबा, नातवंडं असे सगळे येतात. मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी नोंदणी करता येते. आपल्या भागाची यादी पुण्याची विभागीय समिती सांभाळते. दात्याची तपासणीही कडक असते. त्याला घरच्यांपासून बाजूला बसवून विचारतात की हे तू मनापासून देतोयस का, आणि तो नाही म्हणाला तर ते तिथंच थांबतं. दिलेला भाग काही महिन्यांत बराचसा भरून येतो, पण ते मोठं ऑपरेशन आहे, दात्याला धोका अजिबात नाही असं मी कधीच म्हणत नाही. तुमची मुलगी बी.फार्म. आहे, हे सगळं तिला कळण्यासारखं आहे. तिच्या वतीनं तुम्ही निर्णय घेऊन टाकू नका. लग्न मार्गशीर्षात करा नाहीतर पुढच्या वैशाखात करा, पण ते स्थळ बघून ठरवा. लिव्हरचा त्यात काही संबंध नाही.

आता ती दोन वर्षं. मोबाइलवर तुम्ही वाचलेला आकडा अगदीच खोटा नाही, फक्त तो तुमच्या पायरीचा नाही. सिरोसिसच्या दोन पायऱ्या धरतात. पहिलीत लिव्हरला व्रण पडलेले असतात, पण ते आपलं काम ओढून नेत असतं. दुसरीत पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, भ्रम यातलं काहीतरी सुरू झालेलं असतं. दोन वर्षांचा आकडा दुसऱ्या पायरीचा आहे आणि तोही मधल्या रुग्णाचा, म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. पहिल्या पायरीवरच्या रुग्णांचा अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात हा मधला आकडा बारा वर्षांच्या पुढे होता. पहिलीवरून दुसरीवर वर्षाला शंभरातले साधारण ५ ते ७ जण जातात. तुम्ही त्या ५ ते ७ त असाल की उरलेल्या ९३ त, हे मला आज सांगता येत नाही. पण तुम्ही काय करता यावर ते बरंच ठरतं. आणि तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती इथं, कारण भीतीपोटी तुम्ही बऱ्याच गोष्टी नेमक्या उलट्या करून ठेवल्या आहेत.

सगळ्यात आधी ती ‘बीपीची’ गोळी. चिठ्ठीवर कार्व्हेडिलॉल दिसतंय. ती तुम्हाला बीपीसाठी दिलेलीच नव्हती. आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी एक मोठी शीर असते. लिव्हर व्रणांनी कडक झालं की तिच्यातला दाब वाढतो. पुढं बारी अडली की कालव्याचं पाणी जसं कडेच्या चाऱ्या फोडून शेतात शिरतं, तसं ते रक्त आडवाटेनं निघतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा हीच ती आडवाट. प्लीहा मोठी झाली, प्लेटलेट ९२ हजारांवर आल्या, त्याही त्या दाबामुळेच. कार्व्हेडिलॉल हा दाब उतरवतं, शिरा फुटण्याचा धोका कमी करतं आणि पोटात पाणी होणंही लांबवतं. पहिल्या पायरीवर टिकून राहण्यासाठी हातात असलेल्या औषधांतलं हे फार मोलाचं, आणि स्वस्तही. ज्यांनी दिलं त्यांना या आठवड्यात भेटा आणि त्यांच्या सांगण्यानं परत सुरू करा. वरचं बीपी ९० च्या खाली जायला लागलं, चक्कर आली किंवा दमा असेल, तर त्यांना सांगा. स्वतः बंद करू नका. चिठ्ठीवर एक शब्द जास्त लिहिला असता तर हे झालं नसतं, हेही खरंच. गोळी कशाची आहे ते विचारायला रुग्णानं लाजू नये आणि आम्ही सांगायला कंटाळू नये.

मग जेवण. इथं मी जरा रागावणार आहे, वहिनींवर नाही, त्यांना ज्यांनी सल्ले दिले त्यांच्यावर. प्रोटीन बंद करण्याची पद्धत फार जुनी झाली. आता सिरोसिसच्या रुग्णाला निरोगी माणसापेक्षा जास्त प्रोटीन देतात, उंचीप्रमाणे असायला हवं त्या वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम. तुमच्या उंचीला ते दिवसाला ७५ ते ९५ ग्रॅमच्या दरम्यान जातं. माळकरी माणसाला हे जमतं का? जमतं, पण ताटाकडे लक्ष द्यावं लागतं. दोन वेळा दाट वरण किंवा पिठलं, मटकी-मुगाची उसळ, दोन वाट्या दही, दोन ग्लास दूध, पनीर, भिजवलेले हरभरे, सोयाबीनच्या वड्या. डाळ आणि दूधदुभत्याचं प्रोटीन या आजारात डोक्यालाही सोसतं. दुकानात बसून येता-जाता फरसाणाची मूठ तोंडात जात असेल, तर ते डबे लांबच्या फळीवर ठेवा.

अळणी जेवण पोटात पाणी झालेल्यांसाठी असतं. तुम्हाला पाणी नाही. अळणी म्हणून माणूस दोन घास कमी खातो आणि अंगावरचं मांस झडतं, ते या आजारात फार महागात पडतं. सगळ्यांसाठी सांगतात तेवढंच मीठ पाळा, दिवसभराचं मिळून सपाट चमचाभर. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या, खायचा सोडा घातलेले पदार्थ कमी करा आणि भाजीला चव येऊ द्या. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ विकतात त्यात पोटॅशियम असतं. ते विचारल्याशिवाय आणू नका.

उपासाचं मन घट्ट करून ऐका. लिव्हर रात्रीसाठी साखरेचा साठा करून ठेवतं. सिरोसिसमध्ये तो साठा तोकडा असतो, त्यामुळे निरोगी माणसाचं शरीर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर ज्या अवस्थेला जातं, तिथं तुमचं शरीर एका रात्रीत पोचतं आणि दंड-मांड्यांचं मांस खायला काढतं. म्हणून गुरुवार सोडाच. एकादशी सोडा असं मी म्हणणार नाही, पण कडक करू नका. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जायला हवं : दूध, दही, ताक, राजगिऱ्याची भाकरी, भगर, दाण्याची आमटी. साबुदाणा कमी, कारण शुगर आहे. आणि रोज रात्री, एकादशी असो नसो, निजण्याआधी एक भाकरी किंवा दोन फुलके आणि कपभर दूध घ्याच. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी असताना मी तुम्हाला डब्यातली पावडर कशाला सांगू? शुगरच्या गोळ्या या खाण्याप्रमाणे डॉक्टरांकडून जुळवून घ्या. आणखी एक, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सिरोसिसमध्ये फसवी निघू शकते, खऱ्यापेक्षा कमी दाखवते. तिच्या जोडीनं बोटातली साखर तपासत जा.

वजन उतरवायचं आहे, पण सावकाश. ५ ते १० टक्के उतरलं तरी त्या शिरेतला दाब कमी होतो. चालून आणि प्रोटीन खाऊन उतरवा. उपाशी राहून उतरवलंत तर चरबीआधी मांस जाईल. काळी कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची दोन-तीन कप चालते. कॉफी पिणाऱ्यांच्या लिव्हरला व्रण कमी पडतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तुम्ही पक्के चहावाले असाल असा माझा अंदाज आहे.

गुळवेल आजपासून बंद. चुलतभाऊ प्रेमानं आणतो, त्याला दुखवू नका, पण घेऊही नका. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलाचे काढे झाले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेलानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर पुढे वाद झाला, सरकारच्या आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. वाद चालू द्या. ज्याच्या लिव्हरमध्ये मुळातच शिल्लक थोडी आहे, त्यानं त्या वादात स्वतःवर प्रयोग करू नये. लिव्हर टॉनिक म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांनाही हेच लागू.

मास्तरांच्या झोपेच्या गोळीचं तसंच आहे. या गटातल्या गोळ्यांनी सिरोसिसच्या माणसाला भ्रम होऊ शकतो. तीनला येणारी तुमची जाग बहुधा काळजीची आहे, पण एक तपासून बघायला हवं. रात्रभर टक्क जागं आणि दिवसा गल्ल्यावर पेंग, असं उलटं होत असेल, सही बिघडली असेल, उधारीच्या वहीत बेरजा चुकत असतील, तर ते आजाराचं लक्षण असू शकतं. घरी एक गंमत करा. वहिनींना घड्याळ लावायला सांगा आणि एका मिनिटात जेवढ्या प्राण्यांची नावं घेता येतील तेवढी घ्या. पंधराच्या पुढं गेलात तर चिंता नाही. दहाच्या आत अडखळलात तर डॉक्टरांना सांगा. पोट रोज साफ व्हायला हवं. बद्धकोष्ठ या भ्रमाला आमंत्रण देतं.

आणि नुसती काळजी असेल तर तिलाही औषध आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. लिव्हरला सोसतील अशी औषधं असतात, फक्त सिरोसिस आहे हे आधी सांगा. रात्री तीनला मोबाइल हातात घेऊ नका. भीतीला दिवसा काम द्या : दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी, कारण सिरोसिसमध्ये लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका असतो आणि लहान असताना सापडला तर तो काढता किंवा जाळता येतो. पुढची दुर्बीण कधी, हे विचारून कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करा. हिपॅटायटिस बी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घ्या. डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, ताप, बरळणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवं.

मेहुण्यांचं उदाहरण खरं आहे. १९८२ च्या शूटिंगमधल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला, लिव्हरचा ७५ टक्के भाग गेला, असं बच्चन यांनी स्वतः जाहीर सांगितलंय. पण त्यांचं कारण वेगळं. आणि टक्क्यांचं म्हणाल, तर किती टक्के उरलं हे आम्ही फायब्रोस्कॅनवरून सांगत नाही. तुमचे २४ हे किलोपास्कल आहेत, लिव्हर किती कडक झालं त्याचं माप. २४ म्हणजे २४ टक्के खराबही नाही आणि २४ टक्के शिल्लकही नाही. ओपीडीत हा प्रश्न रोज येतो.

वारी. शिरांचा बंदोबस्त झाला, गोळी लागू पडली आणि तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर पायी जायला माझी हरकत नाही. चालणं तुम्हाला हवंच आहे. मला धास्ती आहे ती पाण्याची. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई धडधाकट माणसाला काविळीवर सोडतो, सिरोसिसच्या माणसाचं लिव्हर मात्र बसवू शकतो आणि त्याची लस आपल्याकडे मिळत नाही. टँकरचं, विहिरीचं पाणी तसंच नको. उकळलेलं किंवा सीलबंदच. फडात पंगत उशिरा बसते, म्हणून झोळीत चणे-दाणे आणि राजगिऱ्याच्या वड्या ठेवा. गुडघे दुखले तर वाटेतल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यानं मूत्रपिंड बसतं आणि रक्तस्रावही होतो. पॅरासिटामॉल ५०० ची गोळी चालते, दिवसभरात चारच्या वर नाही. दिंडीच्या ट्रकवाल्याला आजार सांगून ठेवा. दोन टप्पे ट्रकमध्ये बसून झाले तर पांडुरंग हजेरी मांडत नाही.

कुजबुजीचं काय करायचं? दीर्घकाळची शुगर, पोटाचा घेर आणि चरबी यांनीही सिरोसिस होतो, आणि असे रुग्ण माझ्याकडे वाढताहेत. हे गावात सांगायला मी लागेल तेव्हा येईन. पण एक सांगते, ‘मी पीत नाही’ हे सिद्ध करताना पिणाऱ्याला खाली ढकलू नका. दारूनं सिरोसिस झालेले, ती सोडून दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर परत आलेले रुग्ण मी बघते. दुखणं दोघांचं सारखंच असतं.

पाहुण्यांना काय सांगायचं ते आधी मुलीशी बोला, कारण लग्न तिचं आहे. चरबीमुळे झालेला आजार उष्ट्यातून, शेजारी बसण्यातून लागत नाही. फायली नेऊन दाखवण्याचं कारण नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. ‘शुगर आहे, त्यामुळे लिव्हरवर परिणाम झालाय, औषध चालू आहे’ एवढं पुरतं. यावर जे स्थळ मोडेल ते मोडलेलं बरं.

दुकान आणि कर्जाचं एकदा कागदावर घ्या. उधारीची वही वहिनींना दाखवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. हे आजारामुळे करू नका, चौपन्नाव्या वर्षी सगळ्यांनीच करायला हवं. मीही माझं केलंय.

शेवटी, तुमच्या झेरॉक्समध्ये हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट मला सापडले नाहीत. शुगर आहे म्हणून ते गृहीत धरून चालत नाही. दोन कारणं एकत्रही असू शकतात. सी निघाला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण काही महिन्यांच्या गोळ्यांनी त्यातून मोकळे होतात, बी निघाला तर तो रोजच्या गोळीनं दाबून ठेवता येतो आणि मग घरातल्या सगळ्यांची तपासणी करून त्यांना लस द्यावी लागते. वर मी न लागण्याचं जे लिहिलं, ते हे दोन्ही नाहीत असं धरून. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. ते रिपोर्ट फाइलमध्ये असतील तर शोधा, नसतील तर कार्व्हेडिलॉलसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हाच रक्त देऊन या.